बादचा शिक्का कधी उचलावा?

वाचकाचे पत्र : आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयात आम्ही तीन निवृत्त गणित शिक्षक दोन वर्षांपासून ‘शंकापेटी’ चालवतो. मुले आणि क्वचित मोठी माणसेही गणितातले प्रश्न चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकतात. दर शनिवारी सायंकाळी दोन तास बसून आम्ही चिठ्ठ्या वाचतो आणि उत्तरे फलकावर लावतो. आठवड्याला तीस-चाळीस चिठ्ठ्या येतात, त्यांतल्या निम्म्या तरी अपुऱ्या, संदिग्ध किंवा सरळ चुकीच्या असतात. एका सहकाऱ्यांनी ‘बाद’ असा रबरी शिक्काच करून आणला आहे आणि प्रश्न नीट लिहिलेला नसेल तर ते तो त्याच शनिवारी मारून मोकळे होतात. मला ते पटत नाही. विचारणाऱ्याला काय म्हणायचे असेल ते ओळखून मी शक्य तितक्या चिठ्ठ्यांना उत्तर देतो. यावरून आमच्यात आता अबोला धरण्याची वेळ आली आहे. सोबत पाच चिठ्ठ्यांच्या आणि आम्ही त्यांचे काय केले त्याच्या नकला जोडल्या आहेत. अपुरा प्रश्न नेमका कधी बाद करावा, हे आपण सांगावे.
— एक निवृत्त शिक्षक, सांगली जिल्हा

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र आणि पाचही चिठ्ठ्या पोहोचल्या. पत्र वाचताना मी पूर्णपणे आपल्या बाजूचा होतो, परंतु चिठ्ठ्या वाचून होईपर्यंत तसा राहिलो नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. आपल्या सहकाऱ्यांचा शिक्का उतावळा आहे यात शंका नाही. मात्र ‘काय म्हणायचे असेल ते ओळखून’ उत्तर देण्याचा आपला रिवाज मला त्याहून अधिक काळजीचा वाटतो, आणि त्याचे कारण आपणच पाठवलेल्या दुसऱ्या चिठ्ठीत आहे.

ती चिठ्ठी अशी आहे : ‘काटकोन त्रिकोणाचा कर्ण १० सेंमी आणि कर्णावर काढलेला शिरोलंब ६ सेंमी आहे, तर क्षेत्रफळ किती? मला ३० येते पण आकृती जमत नाही.’ आपण फलकावर उत्तर लावले ते २४ चौसेंमी, आणि नकलेच्या कडेला माझ्यासाठी खुलासा केला की, ‘६ ही शिरोलंबाची नसून एका बाजूची लांबी असावी, म्हणजे दुसरी बाजू ८ आणि क्षेत्रफळ २४.’ तर्क म्हणून हे अगदी शक्य आहे. मुलाने प्रश्न उतरवून घेताना चूक केली असेल. परंतु चिठ्ठीतले शेवटचे चार शब्द आपण वाचलेच नाहीत. ‘पण आकृती जमत नाही’ हा त्या चिठ्ठीतला खरा प्रश्न होता, आणि तो तिळमात्र अपुरा नव्हता. काटकोन त्रिकोणाचा कर्ण व्यास धरून वर्तुळ काढले की काटकोनाचा शिरोबिंदू त्या वर्तुळावरच येतो. कर्ण १० असेल तर त्रिज्या ५, आणि वर्तुळावरचा कोणताही बिंदू व्यासापासून ५ सेंमीपेक्षा दूर जाऊच शकत नाही. मग ६ सेंमीचा शिरोलंब येणार कोठून? सूत्राने ३० हे उत्तर बिनबोभाट येते आणि तसा त्रिकोण या जगात नाही, ही गोष्ट त्या मुलाच्या हाताला लागली होती. कंपास घेऊन तो कागदावर धडपडला असणार, त्याखेरीज ते वाक्य त्याने लिहिले नसते. आपण त्याच्या हातातून तो त्रिकोण काढून घेतलात आणि पाठ्यपुस्तकातला, ६-८-१० चा, सवयीचा त्रिकोण त्याला दिलात.

शिक्का न मारताही प्रश्न बाद करता येतो, तो असा. आपल्या सहकाऱ्यांनी ही चिठ्ठी ‘माहिती विसंगत’ म्हणून परत केली असती तर निदान त्या मुलाला विसंगती आहे एवढे तरी कळले असते.

म्हणून आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. प्रश्न अपुरा आहे, एवढे कारण त्याला बाद करायला कधीही पुरेसे नसते. ज्या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर प्रश्नच आपल्याला रचावा लागतो, आणि विचारणाऱ्याला विचारूनही तो स्वतः तो रचत नाही, तो प्रश्न बाद करावा. काय राहिले आहे ते आपल्याला एका वाक्यात लिहिता येत असेल, तर ते वाक्य चिठ्ठीवर लिहावे आणि वाट पाहावी. काय राहिले आहे हेच सांगता येत नसेल, तर चिठ्ठी दुसऱ्या दोघांना दाखवावी, कारण कित्येकदा अपुरा प्रश्न नसतो, वाचणारा घाईत असतो.

दुरुस्ती कशी करावी याचा एक नमुना मला नेहमी आठवतो. ७ जून १७४२ रोजी ख्रिस्तियान गोल्डबाख यांनी मॉस्कोहून लिओनार्ड ऑयलर यांना पत्र लिहिले आणि त्याच्या समासात एक अंदाज नोंदवला : २ पेक्षा मोठी प्रत्येक संख्या तीन मूळ संख्यांची बेरीज असावी. गोल्डबाख १ ला मूळ संख्या धरत. आजच्या व्याख्येने पाहिले तर हे विधान ३, ४ आणि ५ पाशीच अडते. शिक्का जवळ असता तर मारायला जागा होती. ऑयलर यांनी ३० जूनच्या उत्तरात काय केले, ते पाहण्यासारखे आहे. आपणच पूर्वी मला असे सांगितले होते, अशी आठवण त्यांनी गोल्डबाख यांना करून दिली, की प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते या म्हणण्यातून हे विधान निघते. आणि पुढे लिहिले की ते मला खरे वाटते, पण सिद्ध करता येत नाही. म्हणजे प्रश्न नेटका झाला, परंतु त्याची मालकी विचारणाऱ्याकडेच राहिली. तो सम संख्यांचा प्रश्न आजही सुटलेला नाही आणि तो गोल्डबाख यांच्याच नावाने ओळखला जातो. आपल्या २४ च्या उत्तरात आणि या उत्तरात जो फरक आहे, तोच मला सांगायचा आहे : दुरुस्ती केल्यावर विचारणाऱ्याने ‘होय, मला हेच विचारायचे होते’ असे म्हटले पाहिजे, आणि म्हणून ते त्याला विचारले पाहिजे.

आता पहिली चिठ्ठी, जिच्यावर आपल्या सहकाऱ्यांचा शिक्का ठसठशीत उमटला आहे आणि खाली ‘निष्काळजीपणा’ असा शेरा आहे. ‘६१७४ चे खोटे आहे. मी २१११ घेतली, उत्तर ० आले.’ एवढाच मजकूर. अक्षरावरून पाचवी-सहावीतली मुलगी असावी असे आपण लिहिता. प्रश्नचिन्ह नाही, कशाबद्दल बोलते आहे ते नाही, कृती नाही. अपुरेपणाच्या सर्व खुणा आहेत. परंतु महाराष्ट्रातल्या तीन गणित शिक्षकांना ६१७४ म्हणजे काय हे सांगायची गरज पडू नये. देवळालीच्या शाळेत आयुष्यभर शिकवलेल्या द. रा. कापरेकर यांनी ही संख्या १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत मांडली. चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी, आणि हीच कृती वजाबाकीवर पुन्हा पुन्हा करावी, की जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येते.

मी त्या मुलीची संख्या घेऊन बसलो. २१११ मधून १११२ वजा केले, ९९९ आले. आता तिने ९९९ मधून ९९९ वजा केले आणि तिला ० मिळाले. वजाबाकी बिनचूक आहे. चूक आहे ती तिला कोणी न सांगितलेल्या एका संकेताची : ही वजाबाकी ०९९९ अशी चार अंकी लिहायची असते. तशी लिहिली की ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, मग ९९८१ वजा १८९९ म्हणजे ८०८२, मग ८८२० वजा ०२८८ म्हणजे ८५३२, आणि अखेर ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. डावीकडच्या शून्याला किंमत नसते, हे आपणच तिला पहिलीपासून शिकवले आहे. येथे त्याच शून्यावर सारा खेळ अवलंबून आहे, ही गोष्ट तिने एका ओळीच्या चिठ्ठीत पकडली. ‘कोणतीही चार अंकी संख्या घ्या’ असे आपण वर्गात सांगतो तेव्हा चारही अंक सारखे नसावेत ही अटही बहुधा गाळतो. तेव्हा अपुरेपणा कोणाचा, हे आपल्या सहकाऱ्यांनी शिक्का खाली ठेवून क्षणभर पाहावे. त्यांच्या शेऱ्यातला शब्द चिठ्ठीला लागू पडत नाही, वर्गात आम्ही जसे सांगतो त्याला मात्र पडतो, आणि त्या ‘आम्ही’त मीही आहे.

या चिठ्ठीला लगेच उत्तर देता आले, कारण तिच्यात एक उदाहरण होते. ज्या चिठ्ठीत विचारणाऱ्याने स्वतः काही करून पाहिल्याची एक ओळ असते, ती कितीही वेडीवाकडी असली तरी सहसा बाद करू नये. त्या ओळीवरून तो कोठे उभा आहे हे कळते, आणि मग ओळखून उत्तर देण्याची, म्हणजे अंदाज बांधण्याची, गरजच उरत नाही.

चौथ्या चिठ्ठीचे दुखणे याच्या उलट आहे. ‘सरावसंच ३.२, प्रश्न ४ ते ९ सोडवून द्या.’ इयत्ता लिहिलेली नाही हे सोडले तर हे प्रश्न पूर्ण आहेत, पाठ्यपुस्तकात छापून आलेले, निर्दोष. गैरहजर आहे तो विचारणारा. आपण सहाही उदाहरणे सोडवून फलकावर लावलीत, दोन पाने भरली, त्या शनिवारी इतर किती चिठ्ठ्या राहिल्या ते आपण लिहिलेले नाही. तीस-चाळीस चिठ्ठ्या आणि दोन तास म्हटल्यावर एका चिठ्ठीला तीन-चार मिनिटे येतात. ती मिनिटे कोणाची तरी असतात. येथे ‘कोणत्या प्रश्नात, कोणत्या पायरीला अडले ते लिहा’ एवढे एक वाक्य लिहून चिठ्ठी थांबवावी. वाक्य आले नाही, तर बाद करताना मनाला लावून घेऊ नये.

तिसरी चिठ्ठी मोबाइलवर फिरणारीच आहे : ‘८ ÷ २(२ + २) = ? उत्तर १ की १६? पैज लागली आहे.’ ही मात्र पहिल्याच शनिवारी बंद करावी, असे माझे मत आहे. भागाकार आणि गुणाकार समान दर्जाचे धरून डावीकडून उजवीकडे गेले तर १६ येतात. चिन्ह न लिहिता कंसाला चिकटलेला २ हा कंसाचाच भाग मानला तर १ येतो. येथे गणित अपुरे नाही, लिखाण अपुरे आहे, आणि ते मुद्दाम अपुरे ठेवलेले आहे, कारण नीट लिहिले तर पैज लागणार नाही. एकदाच एक कायमची सूचना फलकाच्या कोपऱ्यात लावावी, त्यात ‘कंचेभागुबेव’मधला ‘भा’ हा ‘गु’च्या आधी आला म्हणून भागाकार नेहमी आधी करायचा नसतो हेही लिहावे (हा समज माझ्या वर्गात दरवर्षी निघे), आणि पुढच्या तसल्या चिठ्ठ्यांना त्या सूचनेकडे बोट दाखवावे.

राहिली पाचवी, म्हणजे दर महिन्याला चार पानी रचना टाकणारे गृहस्थ, ज्यांनी कोणत्याही कोनाचे फक्त पट्टी आणि कंपासाने तीन समान भाग केले आहेत. आपण दरवेळी त्यांच्या पानांतली चूक शोधून देता, आणि पुढच्या महिन्यात ती चूक टाळून नवी पाने येतात. याबाबतीत मी आपल्या सहकाऱ्यांच्या पक्षात आहे, आणि माझ्याबरोबर एक मोठी संस्थाही आहे. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ मध्ये ठरवून टाकले की घनाचे द्विगुणन (दुप्पट घनफळाचा घन काढणे), कोनाचे त्रिभाजन आणि वर्तुळाचे चौरसीकरण (वर्तुळाएवढ्या क्षेत्रफळाचा चौरस काढणे) या तीन प्रश्नांवरची उत्तरे यापुढे तपासली जाणार नाहीत. कायम चालणाऱ्या यंत्रांच्या कल्पनाही त्यांच्या पंगतीत बसवल्या. यातली लक्षात घेण्याची गोष्ट तारखांत आहे. पहिल्या दोन रचना पट्टी-कंपासाने अशक्य आहेत हे प्येर वाँत्सेल यांनी सिद्ध केले ते १८३७ मध्ये, म्हणजे ६२ वर्षांनी; आणि वर्तुळाच्या चौरसीकरणाचा निकाल लागला तो फर्डिनांड लिंडेमान यांच्यामुळे १८८२ मध्ये, म्हणजे १०७ वर्षांनी. अकादमीने दार लावले तेव्हा प्रश्न सुटलेले नव्हते. तरीही दार लावणे मला योग्य वाटते, कारण कागद पाठवणाऱ्यांना काही विचारायचे नव्हते, त्यांना दाखला हवा होता, आणि तपासणाऱ्यांचा वेळ त्यात जात होता. आपल्याजवळ तर वाँत्सेल यांची सिद्धताही आहे. एक गोष्ट तेवढी शेवटची तपासावी : त्या गृहस्थांनी पट्टीवर कोठे दोन खुणा करून ती सरकवली आहे का. तशी मुभा घेतली तर त्रिभाजन खरोखरच होते, आर्किमिडीजच्या नावावर अशी रचना सांगितली जाते, आणि मग त्यांचा प्रश्न ‘माझे बरोबर आहे ना’ असा न राहता ‘खुणा केलेली पट्टी चालते का’ असा होतो, जो उत्तर देण्याजोगा आहे. खुणा नसतील तर एकदा सविस्तर लिहून थांबावे. पुढची चार पाने न वाचता परत द्यावीत, आणि ती देताना चहा पाजावा.

आता फलकाबद्दल. आपल्या फलकावर फक्त सुटलेले प्रश्न लागतात असे दिसते. त्याचा एक कोपरा ‘थांबलेल्या’ प्रश्नांसाठी ठेवावा, असे मी सुचवतो. जो प्रश्न आपल्याला अपुरा वाटतो तो तेथे, मूळ शब्दांत, आपल्या एका वाक्यासह लावावा; चिठ्ठ्यांवर बहुधा नावे नसतात, त्यामुळे विचारणाऱ्यापर्यंत पोहोचण्याचा तोच मार्ग आहे, शिवाय राहिलेली गोष्ट दुसऱ्या कोणाला सुचण्याची शक्यता उरते. रामानुजन यांनी १९११ मध्ये भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात (या परिषदेचे ग्रंथालय सुरुवातीच्या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते) एक प्रश्न टाकला होता : √(१ + २√(१ + ३√(१ + …))) याची किंमत काढा. न संपणाऱ्या वर्गमुळांचा अर्थ काय धरायचा, याबद्दल प्रश्नात अवाक्षर नव्हते. कित्येक महिने कोणाचे उत्तर आले नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच ३ हे उत्तर दिले : ३ म्हणजे √(१ + २×४), त्यातला ४ म्हणजे √(१ + ३×५), त्यातला ५ म्हणजे √(१ + ४×६), असे उलगडत जायचे. उत्तर बरोबर आहे, पण कारणमीमांसा तीही अपुरीच, कारण हीच युक्ती ४ पासून सुरू करता येते, ४ म्हणजे √(१ + २×७.५), आणि ७.५ चाही असाच उलगडा करत पुढे जाता येते. मग ३ च का, हे सांगायला अभिसरणाची, म्हणजे पायऱ्या वाढवत नेल्या की किंमत कोणत्या संख्येच्या जवळ जवळ जाते हे पाहण्याची, भाषा लागते. संपादकांनी व्याख्या पूर्ण नाही म्हणून तो प्रश्न परत केला असता तर नियमाने ते चुकले नसते. त्यांनी तो छापून ठेवला.

थांबलेल्या चिठ्ठीला तीन शनिवार द्यावेत. अधिक दिले तर कोपरा भरतो आणि कोणी वाचत नाही. कमी दिले तर बाहेरगावी गेलेल्या मुलाला अन्याय होतो. तीन शनिवारांनंतर बाद करावे, परंतु एकट्याच्या मताने नव्हे, तिघांपैकी दोघांच्या सहीने. आपल्या अबोल्यावरही त्याने थोडा उतारा पडेल, कारण सहीसाठी बोलावेच लागेल. शिक्का टाकून देऊ नका, फक्त त्यावरचा शब्द बदलून घ्या. ‘बाद’च्या जागी ‘थांबवले’ असा शब्द, खाली तारीख, आणि कारण लिहायला एका ओळीची मोकळी जागा, एवढा नवा शिक्का आपल्या सहकाऱ्यांनीच करून आणावा. कारणाची ओळ भरता आली नाही तर शिक्का मारायचा नाही, हा नियम तेही मान्य करतील असे मला वाटते, कारण ते शिस्तीचे गृहस्थ दिसतात. आणि आपल्यासाठी नियम असा : उत्तराच्या आरंभी ‘मी प्रश्न असा समजलो’ हे वाक्य लिहिल्याखेरीज अंदाजाने कोणतेही उत्तर फलकावर लावायचे नाही. त्रिकोणवाल्या मुलासाठी येत्या शनिवारी नवे उत्तर लावावे, २४ चा कागद काढून न टाकता त्याच्या शेजारी, १० सेंमी व्यासाचे अर्धवर्तुळ काढून. आणि शिरोलंब ५ पेक्षा मोठा का होत नाही ते सांगून झाले की आकृती न जमल्याबद्दल त्याला शाबासकी द्यावी.

पहिल्या चिठ्ठीवरचा शिक्का आता पुसता येणार नाही. तिच्या खाली ०९९९ पासूनच्या चारही वजाबाक्या मांडाव्यात आणि त्या मुलीला लिहावे की तुझ्या पद्धतीने, म्हणजे डावीकडचे शून्य सोडून दिले तर, २१११ सारख्या ज्या ज्या चार अंकी संख्या शेवटी ० वर येतात त्या सगळ्या शोधून पुढच्या शनिवारी पेटीत टाक. तिची यादी ६८ वर थांबली की ११११, २२२२ अशा नऊ संख्या धरून ती ७७ पर्यंत गेली, ते मला अवश्य कळवावे.